मोकळा आकडा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चादर पिळली. सकाळी, गच्चीवर, माझी चादर. सोलापुरी चादर ओली झाली की वासरासारखी जड होते, एकट्याला आवरत नाही. एक टोक बायकोच्या हातात, एक माझ्या. समोरासमोर उभं राहायचं आणि दोघांनी आपापल्या उजवीकडं पीळ द्यायचा. मी नेहमीप्रमाणं चुकलो.

"अवो, मी फिरवतीय तिकडंच तुमी फिरवताय. ती पिळंल कशी? नुसत्या गिरक्या घेतीया बघा."

"मग तू फिरव की उलटं."

"मी का? चुकतंय कोन?"

मी उलटा पीळ दिला. पाणी धो धो पडलं, तिच्या पायांवर आणि माझ्याही. तिला धाप लागली म्हणून ती कठड्याला टेकली. "उद्या माझी," म्हणाली, आणि भिंतीला हात लावत खाली गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.

हे एकदा सांगून टाकलं, बरं झालं. कारण मला तिचं मरण सांगायचं नाही, ती सांगायची आहे. तिच्याबद्दल बोलायला लागलो की मला बसवत नाही, मी उभाच राहतो. असली बाई सोलापुरात दुसरी नव्हती. असेल तर दाखवा.

मी चौथीपर्यंत शिकलो. वैरागहून सोलापूरला आलो तो सरळ मागावर उभा राहिलो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी काढल्या, खांदे गेले तेव्हा थांबलो. ती दहावी पास. आमच्या घरात दहावी पास म्हणजे कलेक्टरच. एका छापखान्यात खिळे जुळवायला लागली होती, शिशाची अक्षरं एक एक उचलून. मग कंप्युटर आला. खिळे जुळवणारे बाकीचे घरी बसले, ही मात्र कंप्युटरपुढं जाऊन बसली. मालकानं विचारलं, "येतंय का?" ही म्हणाली, "न्हाय येत. पन उटनार बी न्हाय." तिथनं जी शिकत गेली ती शिकतच गेली.

एक दिवस घरी येऊन म्हणाली, "आजपास्नं मी स्टाइलशीट लिहितीय."

आता शीट म्हणजे चादर, हे सोलापुरात शेंबड्या पोरालाही कळतं. बेडशीट म्हणतात की नाही? मी लई खूश झालो. जन्मभर मी मागावर चादरी काढल्या, आता ही कंप्युटरवर काढणार, आणि त्याही स्टाइलच्या! दुसऱ्या दिवशी सगळ्या कारखान्यात सांगून आलो. मुकादम विचारायचा, "वहिनींच्या चादरी खपतात कुठं?" मी छाती काढून सांगायचो, "परदेशात!" आणि ते खोटं नव्हतं, छापखान्याकडं बाहेरच्या देशांची कामं यायची. कितीतरी वर्षं मी असंच सांगत फिरलो. मग एका दिवाळीला छापखान्यात पूजेला गेलो आणि मालकालाच म्हणालो, "साहेब, हिची एखादी चादर आमाला बी दाखवा की."

मालक हिच्याकडं बघायला लागला. हिनं पदर तोंडात कोंबला. डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसली आणि म्हणाली, "दाखवा की साहेब. पांघरून तरी बघू द्या त्यास्नी."

त्या रात्री तिनं मला नीट सांगितलं. पुस्तकाचा मजकूर आत साधाच जातो, नुसत्या खुणा केलेला. हे शीर्षक, हा प्रश्न, ही तळटीप. त्याला रूप नसतं. स्टाइलशीट त्याला सांगते, की शीर्षक दिसलं तर ठळक कर, प्रश्न दिसला तर नवीन ओळ धर, तळटीप दिसली तर खाली नेऊन ठेव. एकीकडनं साधा मजकूर घातला की दुसरीकडनं पुस्तकाचं पान निघतं. ज्या भाषेत हे सांगायचं तिचं नाव एक्सएसएलटी. मी म्हणालो, "म्हंजे जकार्डच झालं की! पुठ्ठ्यावर भोकं पाडायची, सूत साधंच, आनि चादरीवर मोर उटतोय." तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "अवो, तसंच हाय." तो धपाटा मला अजून आठवतो.

मोरावरनं आठवलं. आमच्या लग्नाला मी माझ्या मागावर, मालकाची परवानगी काढून, एक डबल चादर काढली होती. मधोमध एवढा मोठा मोर. नव्या नवरीला दाखवली. तिनं हात फिरवला, "झकास हाय" म्हणाली. पहिल्याच आठवड्यात मी कामावरनं आलो तर मोराचे दोन तुकडे! तिनं कात्री घेऊन चादर उभी कापली होती आणि दोन्ही तुकड्यांना कडेनं टीप मारत बसली होती. तोंड तिच्याकडं, पिसारा माझ्याकडं, अशी वाटणी.

"अगं, काय केलंस हे!"

"तुमी कूस बदलली की मी उगडी पडती. मी बदलली की तुमी उगडे. एका चादरीत दोन मानसं म्हंजे रातभर भांडन. आता ज्याची त्याची."

मी दोन दिवस बोललो नाही. तिला फरक पडला नाही. पुढं आयुष्यभर आम्ही तशाच झोपलो, शेजारी शेजारी, ती मोराच्या तोंडाखाली आणि मी पिसाऱ्याखाली. लेकरू झालं नाही, त्यामुळं मध्ये तिसरी चादर कधी आली नाही.

असलं वेड तिचं सगळ्यात होतं. भाजीवालीला सांगायची, "तू काय देनार, मी काय देनार, येवडं बोल. मधलं तुजं तुला." स्वयंपाक करताना मी आत डोकावलो की पळी उगारायची, "ताटात येईल ते बगा. आत काय चाललंय त्याच्याशी तुमचं काम न्हाय." हे वेड कुठनं आलं, ठाऊक नाही. पण छापखान्यात त्या वेडाला तिनं कामाला लावलं, तो प्रकार ऐकण्यासारखा आहे.

आमच्या सोलापुरात चार भाषांत काम निघतं. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू. छापखान्यात चारही भाषांच्या पुस्तकांच्या स्टाइलशीटा एकमेकींत गुंतलेल्या होत्या. एकीतनं दुसरी ओढून घेतलेली, दुसरीतनं तिसरी. आता उर्दू पुस्तक उलट्या बाजूनं उघडतं. म्हणून कुणीतरी उर्दूसाठी पानाचा आकडा इकडचा तिकडं सरकवला. उर्दूचं काम छान झालं. पण त्याच दिवशी मराठी पुस्तक छापायला गेलं, त्यातही आकडा सरकला, आणि कुणाला कळलंच नाही. पुस्तकं शिवून, चिकटवून तयार झाली तर एकाही पानावर आकडा दिसेना. सगळे आकडे बांधणीत गडप! पुस्तक फाडल्याशिवाय पान नंबर वाचता येत नव्हता. मालक डोकं धरून बसला.

ही घरी आली ती चप्पल न काढताच बोलायला लागली. "उर्दूनं कूस बदलली तर मराठी उगडी का पडावी? सांगा! का पडावी?"

मी भाकरी खात होतो. म्हणालो, "काप की मग. तुला काय कापायचं नवीन हाय?"

ती उभीच राहिली. "व्हय," म्हणाली. "कापती."

आणि कापलं! कसं ते मला तिनं काळ्या तिखटावरनं समजावलं. "काळं तिखट आपन एकदा भाजून, कांडून बरनीत भरतो. रोज कांडायला बसतंय का कुनी? आमटीला लागलं, चमचाभर घातलं. आत किती धने, किती खोबरं, आमटीला काय करायचंय? तसं माझा तुकडा मी एकदा पक्का करून ठेवनार. बाकीच्यांनी बरनीतनं घ्यायचं, बरनीत हात घालायचा न्हाय." याला ती कंपाईल म्हणायची. प्रत्येक तुकडा वेगळा कंपाईल करायचा. तुकड्याला ती पॅकेज म्हणायची, मी पुडी म्हणायचो.

पुडीवर बाहेरनं लिहायचं, आतलं कुणी काय घ्यायचं ते. काही गोष्टी उघड्या: घ्या, आपल्यापुरत्या बदला. काही पक्क्या: घ्या, पण बोट लावायचं नाही. काही झाकलेल्या: त्या बाहेर दिसतच नाहीत. आणि एक प्रकार असा, की तो ऐकून मी म्हणालो ह्या बाईला डॉक्टरला दाखवलं पाहिजे. मोकळा! म्हणजे नाव ठेवायचं आणि आत काहीच नाही.

"काहीच न्हाय? मग ठिवायचं कशाला?"

"जागा ठिवायची. पानाचा आकडा. त्यो असनार हे मी सांगून ठिवती. कसा असनार, कुटं असनार, ते उर्दूनं उर्दूपुरतं भरायचं, मराठीनं मराठीपुरतं. नाव माझं, काम त्यांचं."

"आनि कुनी भरलंच न्हाय तर?"

"मशीन चालतच न्हाय. म्हनतं, आदी जागा भरा."

लई दिवस ती त्याच्यामागं लागली होती. जेवताना बोटानं ताटात रेघा मारायची. शेवटी पुड्या झाल्या. छापखान्यात पहिलं मोठं काम चारी भाषांत निघायचं ठरलं, भूगोलाचं पुस्तक. सगळे तयारीत. आणि ह्या बाईनं नेमकी त्या दिवसाची रजा टाकली!

"कुटं जायचंय?"

"वेळापूरला. देवळात. दगडावरचं काम लई जुनं हाय म्हनं."

"आजच?"

"आजच. मी तितं असले की सगळी माझ्या तोंडाकडं बघत्यात. मी नसताना चाललं तर चाललं म्हनायचं."

एस्टीनं गेलो. देवळाच्या दगडी ओट्यावर बसून भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. पिशवीतला फोन वाजायला लागला. तिनं काढून माझ्या हातात दिला. "धरा. उचलायचा न्हाय." फोन वाजतोय, हातात थरथरतोय, मला घाम.

"अगं, मालक हाय."

"मालक हाय म्हनूनच."

"विचारत असंल काहीतरी."

"आतलं विचारत असंल. बाहेरचं सगळं लिहून ठिवलंय. आत शिरायला वाटच ठिवली न्हाय मी."

फोन वाजायचा थांबला. ते तर जास्तच वाईट. मी खांब बघितले, दगडातली माणसं बघितली, पण लक्ष सगळं हातातल्या फोनवर. ती मात्र पाय हलवत शेंगाचटणी खातेय. पण मला ठाऊक होतं ना, तिचा पाय हलतो तेव्हा ती आतनं घाबरलेली असते. तिची नोकरी राहणार का जाणार, ते त्या दिवसावरच होतं.

मग पुन्हा वाजला. ह्या वेळी शबाना होती, उर्दूचं काम बघणारी. हिनं फोन झडप घालून घेतला. पलीकडनं आवाज एवढा मोठा, की मलाही ऐकू आला. "चाची! हो गया! आकडा बैठ गया, चारों में बैठ गया! आपका पुडा खोलाच नै हमने!"

अहो, काय सांगू! ती ताडकन उठली. गुडघे दुखणारी बाई, देवळाच्या फरशीवर दोन्ही हात वर करून गोल फिरली. पुजारी बाहेर येऊन बघायला लागला. "चाललं! माझ्यावाचून चाललं!" पुजाऱ्यालाच सांगितलं, "मी हितं हाय, आनि तितं चाललं!" त्या बिचाऱ्यानं काही न कळता तिच्या हातावर खडीसाखर ठेवली.

मला मात्र ते पटलं नाही. मी तोंडावर बोलणारा माणूस. म्हणालो, "याच्यात नाचायसारखं काय हाय? तुज्यावाचून चाललं म्हंजे तुजी गरज सपली."

"म्हंजे मी काम नीट केलं."

"आनि माझं? माझं चालंल का तुज्यावाचून?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं छापून आलेल्या पानाकडं बघायची, वरनं खालपर्यंत. म्हणाली, "तुमचं अजून कंपाईल हुईत न्हाय."

हसलो आम्ही. एस्टीत परत हसलो. पण घरी आल्यापासनं तिनं मला हातात घेतलं. गॅस पेटवायला शिकवला. बटणं लावायला शिकवलं. भाकरी थापायला शिकवलं, माझी भाकरी बघून म्हणायची, "हा कंच्या देशाचा नकाशा?" मी शिकलो, पण वैतागून. धुणं आम्ही वाटून घेतलं, ज्याचं त्यानं. राहिली फक्त चादर. त्यावर काही तोडगा निघत नव्हता. पिळायला दोन माणसं लागतात म्हणजे लागतात. मी चिडवायचो, "काप की आता. हे बी काप." ती म्हणायची, "बघू."

त्याच साली गच्चीच्या भिंतीला गिलावा केला. तिनं मिस्त्रीला सांगून भिंतीत छातीएवढ्या उंचीवर जाडजूड लोखंडी आकडा बसवून घेतला. बैल बांधला तरी उपटायचा नाही असा.

"हे कशाला? कपडं वाळत घालायला?"

"तार हाय की त्याला."

"मग?"

"मोकळा आकडा हाय. नाव हाय, काम न्हाय. ज्याला लागंल त्यो ठरवंल."

डोकं फिरलं माझं. पानाचा आकडा मोकळा, आता भिंतीतलाही मोकळा! शेजाऱ्यानं वेगळाच अर्थ काढला. आकडा टाकून आम्ही वीज चोरणार म्हणून गल्लीत बोलला. लाइनमन खरंच येऊन गच्ची बघून गेला. हिनं त्याला चहा पाजला आणि म्हणाली, "वायर न्हाय, काही न्हाय. नुसतं नाव हाय, भाऊ." तो डोकं खाजवत गेला. माझी तर त्या आकड्यात दोनदा बाही अडकून फाटली. मी इरेला पेटून त्याला कधी काही अडकवलं नाही. तिनंही नाही. पावसात गंजला, उन्हात तापला, तसाच राहिला.

नंतर तिच्या छातीचं दुखणं निघालं. डॉक्टर कागदावर हृदयाचं चित्र काढून समजवायला लागला. हिनं त्याचा पेन धरला. "आतलं तुमी बघा, डाक्टर. मला बाहेरचं सांगा. काय खायाचं, किती चालायचं, आनि किती दिस." डॉक्टर तिसऱ्याचं उत्तर देईना. ती म्हणाली, "बरं. ते झाकलेलं ऱ्हाऊ द्या." रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, "तोंड पाडू नका. पिसारा हाय तुमच्याकडं."

तर असं. दुपारी ती गेली, संध्याकाळी नेऊन आलो. वैरागहून माझी थोरली बहीण आली होती, आक्का. घर माणसांनी भरलं होतं, मला कुणाचीच तोंडं दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर आक्का हिचं अंथरूण गोळा करून गाठोडं बांधत होती. गादी, उशी, आणि ती मोराच्या तोंडाची चादर.

"हे कुटं?"

"टाकायला. गेलेल्या मानसाचं अंथरून घरात ठिवत न्हाईत."

"गादी ने, उशी ने," मी म्हणालो आणि चादर ओढून काढली. "हिची आज पाळी हाय."

"कसली पाळी?"

"धुवायची."

आक्का घाबरली. मला भ्रम झाला असं तिला वाटलं. मी बादली घेतली आणि गच्चीवर गेलो. साबण लावला, घासली, आपटली, तीन पाण्यांतनं काढली. पिळायला उचलली तर एक टोक माझ्या हातात आणि दुसरं फरशीवर. तारेवर गुंडाळून बघितलं, घसरली. पायाखाली धरून बघितलं, मीच घसरलो. चिडून वळलो तर बाही अडकली. टर्रकन फाटली. तिसऱ्यांदा!

मी त्या आकड्याकडं बघत उभा राहिलो.

मग चादरीचं टोक दुमडून त्यात अडकवलं, दुसरं टोक दोन्ही हातांत धरलं, भिंतीपासनं मागं सरलो आणि पीळ दिला. आकडा फिरत नाही. इकडनं फिरवा, तिकडनं फिरवा, चूक होतच नाही! चादर दोरखंडासारखी ताठ झाली आणि पाणी आलं, धार लागली, पन्हळीतनं खाली अंगणात पडायला लागलं.

खालून आक्का ओरडली, "अरं, वर कोन हाय तुज्यासंगं? दुसरं टोक कुनी धरलंय?"

"कुनी न्हाय!" मी वरनं एवढ्या मोठ्यानं ओरडलो, की शेजारी खिडकीत आला. "एकट्याचं चाललंय, आक्का! चाललंय!"

आणखी एक पीळ दिला. मग सोडवून झटकली. कालची माझी चादर तारेवरच राहिली होती, वाळून कडक झालेली. तिच्या शेजारी हिची टाकली, पिसाऱ्याशेजारी तोंड, मध्ये बोटभर जागा सोडून.